कृष्णरावांच्या नावची बत्ती

माघात एका पहाटे असा पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडला की पागाखेडीतला फुलावर आलेला हरभरा दिवस वर येईतो काळा पडून बसला. माळव्यातली ही थंडी मोठी गुणाची. दिवसा अंगाला गोड लागते आणि रात्रीतून उभं शेत जाळून जाते. जळालेल्या पिकाकडे बघत बसून काही पोट भरत नाही, म्हणून गजाननराव जाधव आणि त्यांची बायको भानुमती सकाळपासून ओणवी होऊन ते उपटत होती. निदान म्हशीच्या तोंडाला तरी लागेल. हरभऱ्याच्या आंबीनं बोटांच्या चिरा चुरचुरत होत्या. गजाननरावांची कंबर पहिल्या दोन ओळींतच बोलायला लागली होती, पण बायको वाकलेली असताना आपण ताठ उभं राहणं त्यांना बरं दिसत नव्हतं.

तेवढ्यात मीटर वाचणारा माणूस सायकल बांधाला टेकवून आला. खिशातून कागद काढून त्यानं पुढे केला.

"राव साब, इस बार कुछ नहीं भरना."

गजाननराव गुडघ्यावर हात ठेवून कसेबसे सरळ झाले. "कुछ नहीं म्हणजे?"

"कुछ नहीं मतलब कुछ नहीं. पुराना हिसाब अब जाके जुड़ा, उल्टा आपका पैसा जमा है दफ्तर में. अठारह रुपये और ऊपर कुछ आने."

"आमचा पैसा तिथे कुठून आला, भिया?"

"वो मैं क्या जानूँ. मैं तो मीटर पढ़ता हूँ," असं म्हणून तो सायकलवर टांग टाकून निघूनही गेला.

गजाननराव कागद उलटा-सुलटा करून बघत राहिले. बत्ती रोज जळत होती. जळते म्हणजे पैसे लागतात, इतकं तर लहान पोराला कळतं. दर महिन्याच्या सुरुवातीला ते स्वतः मोटरनं इंदूरला जात, बिजलीच्या दफ्तरातल्या खिडकीवर दोन रुपये आणि वरचे आणे मोजत, पावती कोटाच्या आतल्या खिशात घालत आणि परत येत. एक महिना चुकला नव्हता. मग हे देणं गेलं कुठं आणि उलट सरकारच आपलं देणेकरी कसं झालं, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

"बरं झालं की," भानुमती मुळ्यांची माती झटकत म्हणाली. "सात-आठ महिने बिल नको. तेवढ्यात म्हशीला खायला खली येईल."

"फुकटची बत्ती मी जाळणार नाही."

"फुकट कुठं? जमा आहे म्हणाला ना तो."

"जमा आहे, पण कोणी केलं? मी नाही केलं." गजाननरावांनी कागदाची घडी केली, परत उघडली आणि परत घडी केली. "काहीतरी गडबड आहे. उद्या येतील आणि तार कापून जातील."

तार म्हटल्यावर भानुमती पुन्हा मुळ्यांकडे वळली. त्या घरात तार हा नाजूक विषय होता.

बिजली आणली ती गजाननरावांच्या वडिलांनी. कृष्णराव होळकर सरकारच्या पागेत नोकरीला होते. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, घोडे विकले गेले, आणि म्हातारा बारा बिघे जमिनीवर येऊन बसला. सांवेरच्या सडकेवर कोणा शेटजीनं जिनिंग काढलं, तिथवर बिजलीचे खांब आले. तेव्हा गावात पहिला अर्ज केला कृष्णरावांनी. घोडे गेले तर गेले, दारात काहीतरी सरकारी असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ओसरीच्या भिंतीवर मीटर बसला आणि वर्षाच्या आत म्हातारा वारला.

पुढे दोघा भावांचं फाटलं. कारण म्हणाल तर विहिरीच्या पाण्याची पाळी. धाकट्या दिनानाथनं एका पहाटे पाळी नसताना आपल्या गव्हाला पाणी घेतलं, आणि गजाननराव मजुरांच्या देखत त्याला पाणीचोर म्हणाले. शब्द दोन दमड्यांचा, पण गेला तो गेलाच. पंच बसले, जमीन वाटली, घरात मधोमध मातीची भिंत उभी राहिली. भिंत आढ्यापर्यंत नेण्याइतके पैसे दोघांकडेही नव्हते, म्हणून ती पुरुषभर उंचीवर थांबली. मीटर राहिला थोरल्याकडे. त्याच्यावरून एक तार भिंतीच्या डोक्यावरून धाकट्याकडे गेली होती, ती तशीच राहिली. इकडे एक बत्ती, तिकडे एक. पंच म्हणाले, बिल अर्धं-अर्धं भरा, धाकट्यानं आपलं अर्धं थोरल्याच्या हातात आणून द्यावं. दिनानाथ कधी आला नाही. गजाननरावांनी कधी मागितलं नाही. ते दर महिन्याला पूर्ण बिल भरत आले आणि दर महिन्याला मनातल्या मनात भावाला चार शिव्या घालत आले, आणि त्यांना त्यात एक प्रकारचं समाधान होतं. आता या कागदानं ते समाधानही काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गजाननरावांनी काळा कोट घातला, पागोटं बांधलं आणि इंदूर गाठलं.

बिजलीच्या दफ्तरात खिडकीशी रांग होती. नंबर आला तेव्हा त्यांनी कागद आणि दोन रुपये एकदमच आत सरकवले. आतल्या चष्मेवाल्या बाबूनं कागद ठेवला आणि रुपये परत बाहेर सरकवले.

"आपका पैसा पड़ा है यहाँ. अभी मत भरो."

"पण मला भरायचं आहे."

"भरोगे तो ले लूँगा, और जमा हो जाएगा. पर काहे को?"

जन्मात पहिल्यांदा सरकारी खिडकीनं गजाननरावांचे पैसे नाकारले होते. चोरी न करता पकडलं जावं तसं त्यांना वाटलं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बाबूजी, मेहेरबानी करून एवढं सांगा. हे जास्तीचे पैसे भरले कोणी?"

बाबूनं मागच्या मेजावरून जाडजूड वही ओढली, बोट फिरवलं. "महीने में दो बार पैसा आता है. एक बार शुरू में, एक बार बीच में. दोनों बार एक ही नाम. कृष्णराव जाधव, पागाखेडी."

"शुरूचे माझे. मधले कोणाचे?"

"लिखा तो है. कृष्णराव."

"ते माझे वडील. ते वारले."

बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "तो हर महीने की पंद्रह तारीख को ऊपर से आते हैं क्या?"

रांगेतले लोक हसले. मागचा एकजण म्हणाला, "हमारे बाप को भी भेज दो भिया, तीन महीने की बाकी है." परत हशा झाला. गजाननरावांचे कान तापले. पागोट्याखाली घाम आला. बापाच्या नावावर हसण्याची त्या पागेत कोणाची छाती नव्हती, आणि इथे कापडाची पिशवी हातात घेतलेला माणूस हसत होता, आणि त्याला काय उत्तर द्यावं हेही सुचेना.

पण खरी फजिती पुढेच होती. बाप वारल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि बाबू आता ते सोडायला तयार नव्हता.

"मरे आदमी के नाम पर कनेक्शन नहीं चलता. नाम बदलवाओ. कितने वारिस?"

"दोघे. मी आणि धाकटा भाऊ."

"तो दोनों साथ आओ, होली के पहले. इकट्ठे रहते हो, एक चूल्हा है, तो बड़े के नाम कर देंगे. अलग रहते हो तो मीटर दो लगेंगे, जमा पैसा आधा-आधा, और बीच का तार कटेगा. नहीं आए तो पूरी लाइन कटेगी. अगला."

परतीच्या मोटरीत गजाननराव खिडकीला डोकं टेकवून बसले. दोन रुपये खिशात तसेच होते आणि ते नेहमीपेक्षा जड लागत होते. क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेलं की खरंच म्हातारा भरत असेल. कृष्णरावांची ती खोडच होती. नाकेदारानं हात पुढे करण्याआधी पैसे त्याच्या हातावर ठेवायचे, कधी तर एकाच नाक्यावर जाताना-येताना दोनदा. मेल्यावर माणसाची खोड जाते की नाही, कोण सांगणार? मग स्वतःच्याच विचाराची त्यांना लाज वाटली. दुसरं नाव मनात होतंच, पण ते पुढे आलं की गजाननराव त्याला मागे ढकलत होते.

ते नाव प्रतापरावांनी पुढे आणलं. प्रतापराव पागेतले जुने जमादार, आता पारावर बसून गावाची जमादारी करायचे. सगळं ऐकून त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

"दिनानाथ," ते म्हणाले. "दुसरा कोण? मिलीत लागला आहे ना तो, इंदूरला परदेशीपुऱ्यात. पगार झाला की दफ्तरात जाऊन भरत असेल."

"पण का? मी भरतो हे त्याला माहीत आहे."

"म्हणूनच. पावत्या साठवतोय तो. उद्या कचेरीत उभा राहील आणि म्हणेल, बिल मी भरतो, म्हणून मीटर माझा. मीटर माझा, म्हणून मीटर ज्या भिंतीवर ती भिंत माझी. मग तुम्ही बसा म्हशीजवळ."

गजाननरावांना हे पटलं, असं म्हणता येणार नाही. पण न पटण्याइतकं दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. घरी येऊन त्यांनी भानुमतीला सांगितलं, "होळीच्या आत वेगळं करून टाकतो. तार कापू देत. त्याच्या अंधारात तो बसेल, माझ्या उजेडात मी बसेन."

"आधी विचारा तरी त्यांना."

"कोणाला?"

"भिंतीला," भानुमती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

गजाननरावांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणतात ती गोष्ट खरी असावी, कारण सकाळी त्यांनी जे केलं ते झोप झालेला माणूस करत नाही. म्हशीचं दूध काढून झालं, दूधवाला कॅन घेऊन गेला, लख्ख उजाडलं, आणि भानुमती बत्ती बंद करायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे चालू."

"दिवसा?"

"दिवसरात्र. त्याचा एक पैसाही या घरात राहायला नको. जाळून संपवतो सगळे. एकदा खातं कोरं झालं की कोण किती पावत्या दाखवतो बघू."

"अहो, तुमचेही पैसे आहेत ना त्यात?"

"जळू देत."

त्या दिवशी गव्हाला शेवटचं पाणी होतं. गजाननराव फावडं घेऊन चिखलात उभे राहून दांड फोडत होते, बांधत होते, आणि दर थोड्या वेळानं मान वळवून घराकडे बघत होते. ओसरीत उन्हातही बत्तीचा पिवळा ठिपका दिसत होता. एखादा गडी आपल्यासाठी राबतोय असं वाटून त्यांना बरं वाटलं. दुपारी जेवायला आले तेव्हा ते भिंतीपाशी थबकले. भिंतीच्या पलीकडे, आढ्याच्या लाकडांवर, दुसरा पिवळा उजेड पडला होता.

"ती का जळतेय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"मला काय माहीत? तुमची जळतेय ती बघून मंगलानंही लावली असेल," भानुमती म्हणाली. मंगला म्हणजे दिनानाथची बायको. "तिला वाटलं असेल, दादासाहेब आपले पैसे जाळतायत, मग आपणही जाळू."

झालं. त्या दिवसापासून पागाखेडीत भर उन्हात दोन बत्त्या जळायला लागल्या. गावातल्या बायका पाण्याला जाताना वाट वाकडी करून बघून जायच्या. शेजारची गंगा गवळण तर ओसरीच्या पायरीवर घागर टेकवून उभीच राहिली. "क्यों राव साब, तमखे सूरज नी दीखे?" तिनं विचारलं. गजाननराव म्हशीची शेपटी धुण्यात फार गुंतले आहेत असं दाखवत राहिले.

मीटरमधली चकती फिरत होती, पण फिरून फिरून फिरणार किती? एका बत्तीला असं काय लागतं? गजाननराव रोज चकतीपुढे उभे राहायचे आणि बैल चालत नाही म्हणून तोंडानं च्यक-च्यक करावं तसं करायचे. पैसे संपत नव्हते. उलट मधेच पंधरा तारीख येऊन गेली, म्हणजे पलीकडून आणखी दोन रुपये पडलेच असणार. आणि याची बत्ती जळते, त्याचीही जळते, म्हणजे आपण त्याचे पैसे जाळतोय की तो आपले, याचा हिशोब करायला बसलं की गजाननरावांच्या डोक्यात नुसता धूर व्हायचा.

अखेर संपली ती बत्तीच. एका पहाटे ते म्हशीखाली बसले, तोच वर टक् असा आवाज झाला आणि अंधार. बत्तीचा काचेचा गोळा काळा पडला होता. नवा गोळा इंदूरहून आणायचा, त्याचे पैसे वेगळे. म्हशीला गेल्या चार वर्षांत उजेडाची सवय. कंदील लावला तर त्याची काच तडकलेली, ज्योत भडभड करायची, म्हैस बिचकली, पाय झाडला, आणि तांब्यातलं होतं नव्हतं ते दूध गजाननरावांच्या धोतरावर गेलं. ते तसेच ओल्या धोतरानं उकिडवे बसून राहिले. दूधवाला यायची वेळ होत आली होती. पाल्यानं हरभरा नेला, आता घरात रोकड म्हणून येत होती ती एवढीच, आणि तीही आपण आपल्या हातानं सांडली, हे त्यांना लख्ख कळलं. रडू येण्याइतकं वाईट वाटलं. रडले नाहीत, पण रडू यायला हरकत नव्हती.

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. बाज ओढल्यासारखा आवाज आला, बांगड्या वाजल्या. आणि तारेला लटकणारी पलीकडची बत्ती हळूहळू भिंतीवर आली. मंगलानं ती भिंतीच्या माथ्यावरच्या खुंटीला अडकवली होती. उजेड अर्धा तिकडे, अर्धा इकडे म्हशीच्या पाठीवर पडला. भिंतीवर एक हात दिसला, मनगटापर्यंत पदर ओढलेला, आणि नाहीसा झाला.

गजाननराव त्या उजेडाकडे बघत राहिले. हा टोमणा आहे, उपकार आहे, की आणखी पावत्यांची काही चाल आहे, त्यांना काहीच ठरवता येईना. म्हशीला असलं काही ठरवायचं नव्हतं. तिनं पान्हा सोडला.

त्या दिवशी सकाळी ते भानुमतीला म्हणाले, "भिंतीला सांग, सोमवारी दुपारी बिजलीच्या दफ्तरात यायचं आहे. नाव बदलायला. वारिसांची सही लागते."

भानुमती भिंतीसमोर उभी राहिली आणि तिला मोठ्यानं म्हणाली, "सोमवारी दुपारी बिजलीच्या दफ्तरात यायचं आहे. सहीला."

"बरं," भिंत म्हणाली. आवाज मंगलाचा होता.

सोमवारी गजाननराव दफ्तराच्या पायऱ्यांवर आधीच जाऊन उभे होते. काय बोलायचं ते त्यांनी मोटरीतच ठरवून ठेवलं होतं. बाबू विचारील, एक चूल्हा या दो? आपण म्हणायचं, दो. एवढा एक शब्द. मग तार कापली जाईल, पैसे अर्धे होतील, आणि डोक्यातला धूर जाईल.

दिनानाथ सायकल हातानं ढकलत आला. पहिल्या पाळीवरून तसाच आला होता. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर कापसाचे बारीक पांढरे तंतू बसले होते. चाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. गालफडं बसली होती. पायरी चढताना तो थांबला आणि खोकला, कोरडं, छातीतून. गजाननरावांनी त्याला कितीतरी दिवसांत असं समोरून पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा, पण खोकल्याला तोंड नसतं. कृष्णरावांचा मुलगा, पाचव्या वर्षी खोगिराशिवाय घोड्यावर बसलेला, आता मिलीतल्या सुताच्या साच्यावर उभा राहून दोरे जोडत होता, आणि आपण त्याला पाणीचोर म्हणालो होतो. गजाननरावांना फार वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला, कारण आज वाईट वाटून घ्यायचं त्यांनी ठरवलं नव्हतं.

दोघे आत गेले. चष्मेवाल्या बाबूनं त्यांना खिडकीशी न थांबवता आत मेजापाशी उभं केलं.

"आ गए दोनों वारिस. अच्छा. पहले पैसे का बताओ. बीच वाले पैसे किसके?"

"माझे," दिनानाथ म्हणाला.

"ठीक. तो जमा में से तुम्हारे कितने हुए?"

"माझं काही नाही त्यात. सगळं दादांचं आहे. मीटर त्यांच्या घरातला."

"त्याचं आहे ते," गजाननराव बाबूला म्हणाले. "माझं बिल मी भरलं, ते जळलं. वरचं सगळं त्याचं."

"मी जाळलं नाही का? माझीपण बत्ती होती," दिनानाथही बाबूलाच म्हणाला.

बाबूनं टाक खाली ठेवला. "भाई लोग यहाँ पैसे के लिए गला पकड़ते हैं. तुम दोनों को चाहिए ही नहीं?"

बाबूनं मग गजाननरावांकडे तोंड करून विचारलं, "तो सीधा बताओ. एक चूल्हा या दो?"

शब्द तोंडात तयार होता. गजाननरावांनी तोंड उघडलं. शेजारी दिनानाथ खोकला दाबून उभा होता, त्याच्या खांद्याचा धक्का त्यांच्या दंडाला जाणवत होता. खोटं बोलता येत नव्हतं, सरकारी मेज होतं. आणि खरं बोलायला जीभ वळत नव्हती.

"चुली दोन आहेत," ते म्हणाले. "बत्ती एक आहे."

"बत्ती एक? मीटर पर तो दो हैं."

"एक गेली. जळून गेली. आता एकच आहे, भिंतीवर टांगलेली. दोघांना पुरते."

बाबू गोंधळला. महिनाभर गजाननरावांचं जे झालं होतं ते आता त्याचं झालं, आणि गजाननरावांना तेवढ्यातही जरा हलकं वाटलं. बाबूनं कागदावरचे रकाने वर-खाली पाहिले. "ऐसा कोई खाना नहीं है इसमें. या इकट्ठे, या अलग."

"मग लिहा जे लिहायचं ते," गजाननराव म्हणाले. "पण तार कापू नका."

बाबूनं एकदा एकाकडे, एकदा दुसऱ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, इकट्ठे. नाव थोरल्याचं. दोघांनी सह्या केल्या. "जमा पैसा इसी में कटता जाएगा. कई महीने कुछ नहीं भरना. और उसके बाद भगवान के लिए एक ही आदमी भरना," असं बजावून त्यानं त्यांना बाहेर घालवलं.

बाहेर ऊन चढलं होतं. दिनानाथनं सायकल काढली, पण तो तिच्यावर बसला नाही. गजाननराव मोटर-अड्ड्याकडे चालायला लागले, तो सायकल ढकलत शेजारून चालायला लागला. चौक आला. मग गजाननरावांच्यानं राहवेना.

"पंचांनी अर्धं सांगितलं होतं तुला. पुरं का भरत होतास?"

दिनानाथनं सायकल दुसऱ्या बाजूला घेतली. "अर्धं म्हणजे कितीचं अर्धं? बिल तुमच्याकडे यायचं. आकडा विचारायला तुमच्या दारात यावं लागलं असतं. म्हणून अंदाजानं पुरं भरत गेलो. कमी पडायला नको."

गजाननराव चालत राहिले. पावत्या, कचेरी, भिंत, प्रतापराव, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं आणि एवढ्याशा कारणासाठी आपण एक गोळा आणि तांब्याभर दूध घालवलं हे बघून त्यांना हसावं की स्वतःला चार लावाव्यात, कळेना.

"संपले पैसे की पुढे मी भरणार," ते म्हणाले. "नाव माझं आहे."

"नाव तुमचं असेल. दफ्तर माझ्या मिलीच्या वाटेवर आहे. मी भरणार."

"मोटरीचं भाडं देऊन मी इतकी वर्षं येतोय ते काय हवा खायला?"

"म्हणून तर म्हणतो. भाडं वाया घालवता खामखा."

"माझं भाडं, मी घालवीन."

अड्ड्यावर सांवेरची मोटर उभी होती. कंडक्टर हाका मारत होता. दोघे तिच्या शेजारी उभं राहून भांडत राहिले, आवाज चढत गेला, आणि मोटर धूळ उडवत निघून गेली तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं तेव्हा गजाननराव सडकेकडे बघत उभे होते.

"बसा मागे," दिनानाथ सायकलच्या कॅरिअरवरची धूळ हातानं झटकत म्हणाला.

"तुझी छाती बघ आधी. तीन कोस मला ओढणार?"

"मग चालू या."

ते चालायला लागले. शहर मागे पडलं, दोन्हीकडे गहू लागला. बऱ्याच वेळानं दिनानाथ म्हणाला, "दादा, पंचांनी सांगितलं तसंच करू. अर्धं-अर्धं."

"आणि कितीचं अर्धं ते विचारायला दर महिन्याला दारात यावं लागेल."

"येईन."

दिनानाथनं सायकल एका खड्ड्यातून वर काढली.

"पण घ्यायला तुम्हाला हात पुढे करावा लागेल," दिनानाथ म्हणाला.

गजाननरावांनी पागोटं सारखं केलं, खाकरले, इकडे-तिकडे पाहिलं.

"करीन," ते म्हणाले. "भानुमतीसमोर देऊ नको म्हणजे झालं."